सुलेखा बसमध्ये चढली का?

नाशिकला मी ज्यांच्या घरात तीन वर्षं भाड्याने राहिले, त्या काकांच्या कपाटात एका घराचा नकाशा होता आणि ते घर जगात कुठेही नव्हतं. जाड कागद, काळी शाई, कोपऱ्यात उत्तरेचा बाण, खाली प्रमाण. दिवाणखाना, माजघर, स्वयंपाकघर, जिना, मागचं अंगण, अंगणात विहीर. स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या भिंतीवर मात्र लाल पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलेलं होतं.

ते घर टीव्हीवरच्या एका मालिकेतलं. मालिकेचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही शीर्षकगीत गुणगुणायला लागाल आणि माझं सांगणं बाजूला राहील. अठरा वर्षांपूर्वी ती बंद झाली तेव्हा मी शाळेत होते आणि काका भूमापन खात्यात नोकरीला होते. शेतांच्या हद्दी मोजायच्या, भांडणाऱ्या भावांच्या मधोमध उभं राहून बांध कुठून जातो ते दाखवायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्तीनंतर मोजायला शेतं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी मालिकेतलं घर मोजायला घेतलं. माणूस दारापासून खिडकीपर्यंत किती पावलांत जातो, भिंतीवरचं कॅलेंडर कुठून दिसतं आणि कुठून दिसत नाही, यावरून एकेक भिंत ठरवली.

"अकराशे बारा भागांत," त्यांनी मला सांगितलं, "स्वयंपाकघराची खिडकी सात वेळा भिंत बदलते. हा गुन्हा आहे."

"कोणाचा?"

"घराचा तर नक्की नाही."

खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी माझा पगार विचारला नाही, आडनाव विचारलं नाही, मी काय खाते तेही विचारलं नाही. आडनाव न विचारणारे घरमालक मला नाशकात पहिल्यांदाच भेटत होते. नंतर कळलं, त्या प्रश्नाचा त्यांना स्वतःला पुष्कळ अनुभव होता. तरुणपणी ते खोली शोधत हिंडायचे, आडनाव सांगितलं की ती खोली नेमकी कालच गेलेली असायची. मला त्यांनी एवढंच विचारलं, "कामाची जागा इथून किती लांब?"

"अंबडला, कारखान्यात. साधारण दहा मिनिटं."

"साधारण म्हणजे?"

त्यांनी मग स्वतःच सांगितलं की पाथर्डी फाट्यापासून अंबडच्या त्या कारखान्याचं गेट तीन हजार शंभर मीटर आहे, आणि ज्या माणसाला अंतर माहीत नसतं तो नेहमी उशिरा पोचतो. त्यानंतर अट सांगितली. "साडेआठ ते नऊ पाण्याची मोटर लावायची नाही. संवाद ऐकू येत नाहीत."

कारण रोज संध्याकाळी साडेआठला काका ती मालिका बघायचे. मोबाइलवरचं चित्र टीव्हीवर घ्यायचं त्यांच्या मुलाने हैदराबादहून फोनवर शिकवलं होतं. एका दिवशी एकच भाग. पुढचा भाग लगेच सुरू व्हायला लागला की ते घाईघाईने बंद करायचे, कारण "उद्याचं उद्या." अशा तऱ्हेने अख्ख्या मालिकेची त्यांची तिसरी फेरी चालू होती. विचार करा, अकराशे बारा भाग म्हणजे तीन वर्षांहून जास्त. दर फेरीत ते रडण्याच्या जागी रडायचे आणि चिडण्याच्या जागी चिडायचे. मालिकेतली सासू, माई, खोटं बोलायला लागली की काका टीव्हीला सांगायचे, "माई, हे तुम्हाला शोभत नाही."

नोकरीत असतानाही हीच तऱ्हा. दिंडोरीकडच्या दोन भावांची द्राक्षबागेच्या बांधावरून मोजणी चालली होती. धाकट्याच्या हातात पहार, थोरल्याच्या हातात छाटणीची कात्री. दीड वाजला. दुपारी दीडला कालचा भाग पुन्हा लागायचा. काकांनी मोजणी थांबवली, थोरल्याच्या घरात जाऊन बसले आणि म्हणाले, "दोघंही आत या. अर्ध्या तासाने बांध पळून जाणार नाही." नेमका त्या भागात माई आणि तिचा दीर यांच्यात वाटणी होत होती. भाग संपला तेव्हा दोघं भाऊ डोळे पुसत होते. धाकटा म्हणाला, "साहेब, लय रडवलं राव त्या म्हातारीनं." मग मोजणी शांतपणे झाली. भांडण मिटलं का, असं मी विचारलं तर काका म्हणाले, "नाही. पण पहार खाली ठेवली."

बांधाबद्दल त्यांचं एक वाक्य होतं. "बांध दोघांचा असतो, म्हणून त्याच्यावर कोणीच झाड लावत नाही." हे ते शेताबद्दल बोलतायत असंच मी बरेच दिवस समजत होते.

आता मुख्य भांडण. मालिकेची नायिका सुलेखा. नवरा विश्वास. सुलेखाला परगावी नोकरी लागते, विश्वास नको म्हणतो, ती बॅग भरते. शेवटच्या भागाच्या शेवटच्या दृश्यात सुलेखा एसटी स्टँडवर उभी आहे. बस येते. ती एक पाऊल पुढे टाकते. आणि चित्र थांबतं, नावं सुरू होतात. कथा पुढे न्यायची होती म्हणे, पण वाहिनीने मालिका बंद केली. सुलेखा चढली की परत फिरली, हे महाराष्ट्राला कधीच कळलं नाही. महाराष्ट्र विसरला. पण पाथर्डी फाट्याजवळच्या त्या घरात अठरा वर्षं त्यावर सुनावणी चालू होती.

काकांचं मत, चढली नाही. पुरावा असा: "बॅग डाव्या हातात आहे. बसचं दार डाव्या बाजूला. चढणारा माणूस बॅग आधीच पुढे घेतो. हिने बॅग मागे धरलीय. शिवाय पावलाचं टोक बघ, दाराकडे नाही, फाटकाकडे आहे."

काकूंचं मत, चढली. पुरावा असा: "बाई एकदा घरातून चप्पल घालून निघाली की चढते."

काकू निवृत्त मुख्याध्यापिका. काका त्यांना 'मॅडम' म्हणायचे, पण बोलायचे अगं-तुगं. "मॅडम, तुझा चहा गार होतोय." घरात येणाऱ्या प्रत्येकाला मत द्यावं लागे. गॅसवाला, वीज मीटर बघायला येणारा, बुद्धजयंतीची वर्गणी मागायला आलेली कॉलनीतली मंडळी. "जय भीम, बसा. एक दृश्य दाखवतो, तुमचं मत सांगा." बिचारे टाकी बदलायला आलेले लोक सुलेखाच्या पावलाकडे टक लावून बघत बसायचे. मलाही पहिल्याच आठवड्यात दाखवलं. मी म्हटलं, "चढली असेल." काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "तू अजून लहान आहेस."

एवढ्या तेवढ्या गोष्टीवर हा माणूस इतका का चिडतो, ते मला काकूंनी सांगितलं. सुरगाण्याहून त्यांचे जुने विद्यार्थी दर उन्हाळ्यात नागली, म्हणजे नाचणी, आणून द्यायचे आणि काकू गच्चीवर तिचे पापड घालायच्या. मी मदतीला बसले होते.

"मला तिकडे मुख्याध्यापिकेची बढती मिळाली," त्या म्हणाल्या, "तर हे म्हणाले, नको. मुलगा हॉस्टेलला, मी इथे एकटा, बढती नाकार. मी म्हटलं, वीस वर्षं मी या पदाची वाट बघितली. तर म्हणाले, मग जा. जून महिना होता. मी गेले. स्टँडवर सोडायलासुद्धा आले नाहीत."

"मग?"

"मग काय. बोलणं बंद. मी शाळेजवळ खोली घेतली. शेजारी ग्रामसेवकांकडे टीव्ही होता. साडेआठला तिथे मालिका बघायची आणि नऊ वाजता पाण्याच्या टाकीपाशी जायचं. गावात तेवढ्याच जागी मोबाइलला रेंज यायची. पहिले पंधरा दिवस कोणीच फोन केला नाही. एक दिवस मालिकेत विश्वासने सुलेखाचं नेमणूक-पत्र फाडलं. मला राहवलं नाही. फोन लावला आणि म्हटलं, बघितलंत का तुमच्या विश्वासने काय केलं? तर हे म्हणाले, चुकलंच त्याचं. फाडायला नको होतं."

काकूंनी पापड उन्हात सरकवला.

"त्यानंतर रोज फोन. कशी आहेस, जेवलात का, काही नाही. फक्त सुलेखा आणि विश्वास. सुलेखाने असं बोलायला नको होतं. विश्वासने एवढं ताणायला नको होतं. चार महिने आम्ही त्या दोघांबद्दलच बोललो. दिवाळीत मालिका बंद पडली. मग मात्र पंचाईत झाली, बोलायचं कशावर? तेव्हा यांनी विचारलं, तुला काय वाटतं, चढली का ती?"

चार वर्षं काकू तिकडे राहिल्या, सुट्टीत यायच्या. नंतर जवळ बदली झाली, घर पुन्हा एकत्र आलं. पण जूनमधल्या त्या सकाळबद्दल दोघं एकमेकांशी कधी बोलले नाहीत. बोलायची वेळ आली की सुलेखा मध्ये यायची.

अशा घरात मी एका रविवारी ती बातमी घेऊन गेले. मालिकेवर सिनेमा निघतोय. तेच कलाकार, तेच घर, पुढची कथा. मी मोबाइलवर झलक दाखवली. केस पिकलेली सुलेखा गाडीतून उतरते आणि मागून आवाज येतो, "त्या दिवशी नक्की काय झालं होतं?"

मला वाटलं काका नाचतील. काकांनी चष्मा काढला, उठले, बाहेर जाऊन कुंड्यांना पाणी घालायला लागले. सकाळीच घातलेलं होतं. पाणी कुंडीतून वाहून ओसरीवर आलं.

"आनंद नाही झाला?"

"झाला."

"मग?"

"अठरा वर्षं ते घर मी डोक्यात नीट ठेवलंय," ते म्हणाले. "कुठे काय आहे ते मला अंधारात सापडतं. आता हे लोक आत येणार आणि सामान हलवणार."

पुढचे दोन महिने घरात हेच. सोमवारी सिनेमाला जायचं, मंगळवारी नाही जायचं. बुधवारी ते म्हणायचे, "माईचं काम करणाऱ्या बाई गेल्या. त्यांच्याशिवाय कसला सिनेमा?" गुरुवारी म्हणायचे, "पण विश्वास आहे." शुक्रवारी झलक तेराव्यांदा बघून, "विश्वासने केस रंगवलेत, हे मला पटलं नाही." दरम्यान त्यांनी घराच्या नकाशाची प्रत काढली आणि निर्मात्यांच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवली. सोबत सरकारी वळणाचं पत्र. "विषय: स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेलाच ठेवण्याबाबत. संदर्भ: आपली मालिका." उत्तर आलं नाही, पण पोचपावती आली. तिच्यावर कोणाची तरी गिचमिड सही होती. ती त्यांनी फाइलला लावली.

काकू मात्र शांत. मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, सिनेमात काय दाखवतील?"

"काहीही दाखवू देत," त्या म्हणाल्या. "मला माहितीये ती कुठे गेली."

सिनेमा शुक्रवारी लागला. शनिवारी दुपारची तीन तिकिटं काकांनी स्वतः काढली. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, जणू मोजणीलाच निघाले होते. थिएटर भरलेलं होतं. बहुतेक बायका, त्यांच्याबरोबर ओढून आणलेल्या मुली. शीर्षकगीत सुरू झालं आणि सगळं थिएटर गायला लागलं. काकाही गात होते, शब्द एकही न चुकता. सूर मात्र सगळेच चुकवत.

सिनेमा कसा होता म्हणाल तर मोठा होता. नातवाचं लग्न परदेशात, द्राक्षबागांवरून उडणारा कॅमेरा, तीन गाणी. माईचा फोटो भिंतीवर हारात दिसला तेव्हा काकांनी हात जोडले. मग कॅमेरा स्वयंपाकघरात गेला आणि काकांनी माझं मनगट एवढ्या जोरात धरलं की बांगडी रुतली. खिडकी पूर्वेला होती.

"पोचला!" ते मोठ्याने म्हणाले. "नकाशा पोचला!"

"श्श्," मागून कोणीतरी म्हणालं.

मध्यंतरात ते पोराबाळांसारखे खूश होते. स्वतः जाऊन मॅडमसाठी मक्याचे दाणे आणले. एवढा सुखी माणूस मी क्वचित पाहिला असेल. त्यांच्या मते सिनेमा उत्तम होता, विश्वासचे रंगवलेले केससुद्धा त्याला शोभत होते.

मध्यंतरानंतर तो प्रसंग आला. मुलगी सुलेखाला विचारते, "आई, त्या दिवशी नक्की काय झालं होतं?" आणि पडद्यावर जुनं चित्र आलं. तोच एसटी स्टँड, तीच बस, डाव्या हातात तीच बॅग. थिएटरमध्ये कोणी दाणा चावत नव्हतं. सुलेखा एक पाऊल पुढे टाकते. इथेच अठरा वर्षं चित्र थांबलेलं होतं. आता ते पुढे सरकलं. फाटकातून विश्वास धावत आला. केस उडतायत, शर्टाचं बटण तुटलंय, व्हायोलिन वाजतंय. त्याने तिच्या हातातून बॅग घेतली आणि म्हणाला, "घरी चल." सुलेखा वळली. बस रिकामीच निघून गेली.

टाळ्या पडल्या. शिट्ट्या वाजल्या. मी काकांकडे बघितलं. माणूस अठरा वर्षांचा खटला जिंकला होता.

काका उभे राहिले.

"खोटं आहे," ते म्हणाले.

"ओ काका, बसा ना खाली, दिसत नाही."

"खोटं आहे हे!" आता ते पडद्याशी बोलत होते, जसे घरी माईशी बोलायचे. पण आवाज वेगळा होता. "तो स्टँडवर आलाच नव्हता. घरी बसला होता. पेपर वाचत बसला होता. जाहिरातींसकट अख्खा पेपर वाचला, एक अक्षर डोक्यात गेलं नाही. पण उठला नाही जागचा."

लोक हसले. कोणीतरी मोबाइलचा उजेड आमच्यावर मारला. मला वाटलं काकू त्यांचा शर्ट ओढून खाली बसवतील. वर्गात उभ्या राहिलेल्या मुलाला बसवायला त्यांना एक नजर पुरायची. पण त्या मक्याचा कागदी पेला मांडीवर धरून नुसत्या त्यांच्याकडे वर बघत राहिल्या. थोड्या वेळाने काका आपोआप बसले. उरलेला सिनेमा त्यांनी बघितला नाही. समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होते.

बाहेर आल्यावर सरकत्या जिन्याशेजारी एक बाक होता, तिथे दोघांना बसवून मी पाणी आणायला गेले. परत आले तेव्हा दोघं बोलत होते. मी खांबापाशीच थांबले. बाटली उघडायला वेळ लागतोय असं दाखवत राहिले, जरी माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

"जिंकलात की," काकू म्हणाल्या. "सिनेमावाल्यांनीच सांगितलं, चढली नाही."

"चढली," काका म्हणाले.

"आणि बॅग डाव्या हातात होती, त्याचं काय?"

"असू दे डाव्या हातात." त्यांनी खिशाचं पेन काढलं, टोपण उघडलं, पुन्हा लावलं. "मी यायला पाहिजे होतं, मॅडम. स्टँडवर."

सरकत्या जिन्यावरून माणसं खाली येत होती, शीर्षकगीत गुणगुणत. काकूंनी पदराने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"मी दोन गाड्या सोडल्या," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सुरगाण्याच्या. सातची सोडली. आठची सोडली. कंडक्टर विचारायला लागला, बाई, जायचंय ना तुम्हाला? म्हटलं, थांबा हो, आमच्यातलं एक माणूस यायचंय."

काकांनी मान वर केली नाही. "आणि तिसरी?"

"तिसरीत खिडकीची जागा मिळाली. बसले."

काका एकदम हसले. हसता हसता त्यांचा खांदा हलायला लागला आणि थांबेचना. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, ठसका लागलेल्या माणसाच्या पाठीवर ठेवतात तसा. मला आता पुढे व्हायला हवं होतं. मी गेले, पाण्याची बाटली दिली. काका अर्धी बाटली एका दमात प्याले आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"तुझी शाळा मी कधी बघितलीच नाही," ते काकूंना म्हणाले. "चार वर्षं तू तिथे होतीस. मी एकदाही आलो नाही. दाखवशील?"

"उद्या रविवार आहे," मुख्याध्यापिका उठत म्हणाल्या. "शाळा बंद असते. सोमवारी जाऊ. सातच्या गाडीने."